पहिल्या पावसाच्या आधीच माती घे

अरे, जून संपताना महाबळेश्वरच्या जंगलात मातीचे सॅम्पल घ्यायला जाणार म्हणतोयस, पण तोवर निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते रे. मे मध्येच एक फेरी मार. उन्हाळाभर सुकलेल्या मातीवर पहिली सर पडली की उरलेले जिवाणू एकदम जागे होतात, मेलेल्यांचंच खातात आणि थोडेच दिवस कार्बन डायऑक्साइडचा नुसता लोट निघतो, ह्यालाच बर्च इफेक्ट म्हणतात, तो चुकला की वर्षभर थांबायचं. जुलैत उलटं, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा आत जात नाही, नायट्रेट (मातीतला नायट्रोजनचा विरघळणारा क्षार) खाली वाहून जातं नाहीतर वायू होऊन उडतं.

पाचोळा हाताने बाजूला कर, मग कोअर (माती काढायची पोकळ नळी) घाल, माती पिशवीत भर, पिशवीतली हवा काढून गाठ मार आणि ओलावा मोजायला त्याच संध्याकाळी वजन कर, नंतर ओव्हनमध्ये १०५ अंशाला २४ तास सुकव. मी एकदा पिशव्या रात्रभर गाडीतच ठेवल्या, सकाळी आतून थेंब जमलेले, ओलाव्याचे सगळे आकडे गेले. खोडालगतची माती वेगळी ठेव, तिथे खोडावरून ओघळलेलं पाणी जास्त मुरतं. आणि वनखात्याच्या परवानगीचा अर्ज आजच टाक, त्याला वेळ लागतो.