लोट्याहून जर्मनीला येण्यापूर्वी

सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी., लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत तीन वर्षे नोकरी, आणि आता यकृताच्या कर्करोगावरील औषधांच्या संशोधनासाठी जर्मनीत पीएच.डी. करावी का, असे आपण विचारले आहे. मी चिपळूणचा, लोट्यातच रिअ‍ॅक्टरवर रात्रपाळ्या करून इकडे आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

येथे पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते आणि ती बऱ्याचदा प्राध्यापकांना थेट लिहून मिळते. ते जमेल. विषयाचा विचार मात्र नीट करा.

सोराफेनिब ही गोळी अमेरिकेत या कर्करोगासाठी 2007 साली मंजूर झाली. तिच्या मुख्य चाचणीत रुग्णांच्या जगण्याचा मध्यक 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेला, एवढेच. हा कर्करोग बहुधा सिरॉसिसने आधीच निबर झालेल्या यकृतात होतो, आणि पोटात गेलेल्या औषधाची विल्हेवाट लावणारा मुख्य अवयवही तोच. शिवाय या गाठींत वारंवार बिघडलेली आढळणारी पी53 किंवा बीटा-कॅटेनिनसारखी प्रथिने अशी, की रेणू घट्ट बसेल अशी खाच त्यांच्यावर सहसा सापडत नाही. किनेझमध्ये, म्हणजे पेशीतले वाढीसारखे संदेश पुढे पाठवणाऱ्या विकरांमध्ये, ती असते, म्हणून बहुतेक जण किनेझच्याच मागे लागतात.

दीड वर्ष खपून केलेला माझा एक रेणू हेप-जी2 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या गाठीच्या पेशी उत्तम मारत असे. टीएलसीवर, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करून शुद्धता पाहण्याच्या चाचणीत, दिव्याखाली एकच स्वच्छ डाग दिसला की काम फत्ते, ही माझी लोट्यातली सवय. पण यकृताच्या मायक्रोसोममध्ये, म्हणजे औषध मोडणारी विकरे असलेल्या यकृतपेशींच्या अर्कात, घातल्यावर वीस मिनिटांत तो रेणू निम्मासुद्धा उरला नाही. त्यातच एका सहकारिणीने सांगितले की हेप-जी2 पेशी मुळात हेपॅटोब्लास्टोमाच्या, म्हणजे मुख्यतः लहान मुलांत होणाऱ्या निराळ्या गाठीच्या आहेत. हे आधी विचारायला हवे होते. म्हणून मुलाखतीत आपणच विचारा की चाचण्या कोणत्या पेशींवर होतात, कुठे होतात आणि निकाल किती दिवसांत हाती येतो.

औषध रुग्णापर्यंत पोहोचवणे हीच ओढ असेल, तर भारतातील कामही कमी लेखू नका. 2012 साली सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची सरकारी मुभा, मिळाल्यावर हैदराबादच्या नॅटकोने महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांचे सोराफेनिब 8,800 रुपयांत देऊ केले. नवा रेणूच शोधायचा असेल, तर या. अर्जात पन्नास ग्रॅम एकसारखा, शुद्ध माल काढल्याचा अनुभव ठळक लिहा. उंदरांवरील प्रयोगांची वेळ आली की असा हात असलेला माणूस येथे शोधावा लागतो.