क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात माघार फक्त सोव्हिएत संघानेच घेतली होती का?

नाही, २८ ऑक्टोबर १९६२ रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबात ठेवलेली आपली अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले, हे खरे असले तरी अमेरिकेनेही त्या बदल्यात क्यूबावर आक्रमण न करण्याचे उघड आश्वासन दिले होते आणि तुर्कस्तानातील आपली १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुप्तपणे मान्य केले होते. हे दुसरे आश्वासन आदल्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना तोंडी दिले आणि त्याची वाच्यता होता कामा नये, असे बजावले. पुढे ख्रुश्चेव्ह यांनी हाच समझोता पत्रात लिहून पाठवला, तेव्हा असा कागद कधीतरी उजेडात येऊन आपल्याला भोवेल, या भीतीने रॉबर्ट केनेडी यांनी ते पत्र ३० ऑक्टोबरला राजदूतांच्या हाती परत ठेवले. हा तपशील आपल्याला कळतो तो मुख्यतः दोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेल्या आणि शीतयुद्ध संपल्यावर खुल्या झालेल्या तारांमधून. शिवाय अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार थिओडोर सोरेन्सन यांनीही १९८९मध्ये मॉस्कोतील परिषदेत या सौद्याची कबुली दिली. मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच गमावले, असा याचा अर्थ घेऊ नये, कारण ज्युपिटर तोवर कालबाह्य ठरू लागली होती आणि एप्रिल १९६३पर्यंत ती हटवली गेली, तेव्हा त्यांची जागा घ्यायला भूमध्य समुद्रात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या येत होत्या. खरा अन्याय झाला तो क्यूबावर: तिच्याच भूमीविषयीच्या या निर्णयात क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांना कोणी विचारलेही नाही.