अंदमानला बीच सोडून जंगलात शांतपणे पायी फिरता येतं का? वाघ-बिबट्याची भीती? (सोबत आईवडील आहेत)

येतं ना भाऊ, बिनधास्त येतं. आणि भीती वाघाची नाही, अंधाराची ठेवा.

आम्ही नागपूरचे, आमच्यासाठी जंगल म्हणजे जिप्सी. ताडोबा असो की पेंच, सफारीत खाली पाय ठेवला की गाईड डोळे वटारतो. त्यामुळे मागच्या डिसेंबरात मावसभावासोबत अंदमानला गेलो तर पहिला अर्धा तास मी दर वीस पावलांनी मागे वळून पाहून राहिलो होतो, तो हसून राहिला होता. तिथे वाघ नाही, बिबट नाही, अस्वल नाही. चारी बाजूंनी समुद्र, मोठं जनावर येणार कुठून? चितळं आहेत, पण तीही इंग्रजांनी आणून सोडलेली, आणि खाणारं कोणी नाही म्हणून बेसुमार वाढलेली.

आईवडील आहेत तर माउंट हॅरिएटच्या डोंगरावर जा. २०२१ मध्ये त्याचं नाव माउंट मणिपूर केलं, पण टॅक्सीवाल्याला जुनं सांगितलं तरी समजते. पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरम) चाथम जेटीवरून बांबूफ्लॅटची फेरी पकडायची, गाडीही त्याच बोटीत चढते, आणि पुढे वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. २० रुपयाच्या जुन्या लाल नोटेवर मागे जो समुद्र, नारळाची झाडं आणि दीपगृह होतं ना, तो नजारा इथूनच दिसतो. सगळे तिथे नोट धरून फोटो काढतात आणि परत जातात. तुम्ही परत नका जाऊ, तिथूनच काला पत्थरची पायवाट निघते, दोनेक किलोमीटर. आईबाबांना जमेल तितकं न्या, बाकी वेळ ते वर बाकावर बसतील.

त्या वाटेवर मला काय लक्षात राहिलं सांगू? स्वतःच्या पायाचा आवाज येत नाही. आपल्याकडे हिवाळा सरता सरता सागाच्या जंगलात चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, अर्ध्या किलोमीटरवरच्या सांबराला कळते की कोणीतरी येऊन राहिलं. तिथे पानं ओली, माती ओली, पाऊल पडलेलं कळतच नाही. पडौक, गुर्जन असली उंच झाडं, काहींची मुळं बुंध्यापासून फळ्या उभ्या केल्यासारखी पसरलेली, माझ्या कमरेएवढी. एका जागी नुसतं उभं राहिलो तर भृंगराज आला, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाला पानासारखे झुपके असतात तो कोतवाल, आणि पाच मिनिटं पाच वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज काढत बसला. अख्ख्या वाटेवर आम्हाला माणसं भेटली दोन.

आता आमचा मूर्खपणा. टोकाला बसून घरून नेलेला चिवडा खात होतो, पावणेचार झाले होते, म्हटलं अजून दीड-दोन तास उजेड आहे. अरे बाप्पा, ती बेटं नागपूरच्या किती पूर्वेला, आणि घड्याळ मात्र आपलंच! डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या पुढे सूर्य मावळतो, तिथे पाचलाच. झाडाखाली तर साडेचारलाच वाट दिसेना. मोबाईल सहा टक्क्यांवर, मावसभावाचा टॅक्सीत राहिलेला, त्यातच मी एका मुळाला अडखळून गुडघा फोडून घेतला. गेटवरच्या गार्डने झापलं आणि बरोबरच झापलं.

गंमत म्हणजे नंतर कळलं की १८७२ च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयोही ह्याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला चढला होता, उतरेपर्यंत अंधार झाला, आणि खाली होपटाउनच्या जेटीवर शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने त्याला सुरा मारला. आमचा गुडघ्यावरच निभाव लागला.

सॅडल पीक म्हणाल तर ते उत्तर अंदमानात दिगलीपूरकडे, ७३२ मीटर, बेटांवरचं सगळ्यात उंच टोक. पण तो पूर्ण दिवसाचा खेळ आहे, आईवडिलांसोबत नको. हॅवलॉक बेटावरची एलिफंट बीचची वाट जंगलातूनच जाते पण तिथे गर्दी, तुम्ही शांतता मागून राहिले म्हणून नाही सांगत.

बाकी, पावसाळ्यात जळवा चिकटतात, सोबत मीठ ठेवा. खाडीच्या, खारफुटीच्या पाण्यात पाय टाकू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या खरंच खातात. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, पकडतात. आणि सकाळी सातला निघा, दुपारी तीनला परत फिरा, काहीही झालं तरी. टॉर्च इथूनच न्या, नागपूरच्या सीताबर्डी बाजारात शंभर-दोनशेत चांगला मिळतो.