तालमीतून पिंजऱ्यात उतरू पाहणाऱ्या पैलवानास

प्रिय पैलवान,

इतक्या वर्षांची कुस्ती बाजूला ठेवून सरळ एमएमएचाच (ठोसे, लाथा आणि झोंबी एकत्र करून जाळीच्या पिंजऱ्यात लढायचा खेळ) क्लास लावू का, असं तू विचारतोस. नको. या खेळात पाया लागतोच आणि तुझ्याकडे तो आहे. मात्र तालमीत अंगात मुरलेल्या काही सवयी पिंजऱ्यात तुझ्यावरच उलटतील, त्या आधी ओळख.

दमल्यावर, मार बसल्यावर शरीर न विचारता जे करतं, तोच लढवय्याचा पाया. पहिल्या दिवसापासून सगळंच थोडं थोडं शिकणाऱ्याकडे पाच मिनिटांच्या तिसऱ्या राउंडला असं हुकमी काही उरत नाही. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे मग समोरचाच ठरवतो. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्याच खेपेला रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली, कारण त्याचं जिउजित्सू, म्हणजे जमिनीवर गळा आवळण्याची आणि सांधे पिळण्याची विद्या, बाकीच्या बहुतेकांना ठाऊकच नव्हती. आता सगळ्यांना सगळ्याची तोंडओळख असते, त्यामुळे नुसता पाया पुरत नाही. यूएफसीचा माजी विजेता जॉर्जेस सेंट-पिएर मूळचा क्योकुशिन या प्रकारच्या कराटेचा. पण अंतर ओळखून झेपावण्याची कराटेची सवय त्याने पट काढायला, म्हणजे खाली शिरून पाय धरून पाडायला, वापरली आणि भल्याभल्या कुस्तीगिरांना खाली घेतलं. पायाला दुसरी विद्या अशी जोडावी लागते.

आपल्याकडची उदाहरणंही बघ. भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्याच राउंडला गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून काखेत गळा आवळण्याच्या डावात, सापडला. रितू फोगाट कुस्तीच्या जोरावर वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या ग्रां प्री स्पर्धेत अंतिम लढतीपर्यंत गेली, तिथे डिसेंबर २०२१ मध्ये स्टॅम्प फेअरटेक्सने तिला आर्मबारने, म्हणजे हाताचं कोपर उलटं ताणून, हरवलं. दोघांनाही सबमिशनने, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या डावाने, थांबवलं. तुझीही पहिली गळती तिथेच असेल.

सगळ्यात घातक सवय पाठीची. चितपट होऊ नये म्हणून तू झटकन पोटावर वळतोस. पिंजऱ्यात पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही, उलट पोटावर वळलास की तू समोरच्याला पाठ देतोस. तो दोन्ही पाय आकड्यासारखे तुझ्या मांड्यांच्या आत अडकवतो, हात हनुवटीखाली सरकवतो आणि गळा आवळतो. काही सेकंदांत हार मानावी लागते, नाहीतर शुद्ध जाते. म्हणून पहिले तीन महिने रोज वीस मिनिटं मुद्दाम पाठीवर पडून सराव कर. कुशीवर वळायचं, कंबर मागे सरकवायची, त्याच्या आणि तुझ्या मध्ये गुडघा आणायचा, मग हात टेकून उठायचं. मनाला हे फार जड जाईल, कारण आजवर याच अवस्थेची तुला लाज शिकवली गेली आहे.

मग पट. दुहेरी पटात मान वाकवून डोकं खाली घातलंस की गळा आयता त्याच्या काखेत जातो. डोकं वर, कान त्याच्या बरगडीला घट्ट, पाठ सरळ. तरीही गळा सापडलाच, तर आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली खेच. त्याने उजव्या हाताने आवळलं असेल तर त्याच्या डाव्या बाजूला उतर, खांद्याचा भार त्याच्या गळ्यावर टाक. घाबरून डोकं उपसायला गेलास तर फास आणखी बसेल.

आखाड्यात झोंबाझोंबी हाताच्या अंतरावरून सुरू होते, इथे समोरचा आणखी एक पाऊल लांब असतो. तिथून नुसता पट टाकलास तर तो पाय मागे फेकून अंगावर बसेल, किंवा गुडघा तोंडावर येईल. आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), त्याचे हात वर गेले की खाली शिरायचं. पवित्राही थोडा उभा कर. सगळा भार पुढच्या पायावर ठेवलास की पोटरीवर चार लाथा बसतात आणि तुझा पटच संपतो.

ढाक आणि धोबीपछाड हे डाव सध्या बाजूला ठेव. फसले की पाठ समोरच्याच्या हातात जाते. कलाजंग डावातही गळा उघडा पडतो, तो नंतर बघू. जाळीचा सराव मात्र लवकर सुरू कर, कारण खाली पडलेला माणूस पाठ जाळीला लावूनच उठतो. त्याच्या गुडघ्यांमागे हात बांधून पाय जाळीपासून ओढून घेणं, हे काम आखाड्यात कधी पडत नाही.

आठवड्याला तालमीचे दोन दिवस ठेव, त्यात खडाखडी (उभ्याने एकमेकांचा अंदाज घेणं) आणि लढत. जिउजित्सू तीन वेळा, बॉक्सिंग-किकबॉक्सिंग तीन वेळा, आणि एकदा लहान ग्लोव्ह्ज घालून सगळं एकत्र. जोरात स्पारिंग (सरावाची लढत) आठवड्यातून एकदाच. डोक्याला बसलेला मार भरून येत नाही. बैठकांची संख्या उतरव, नाहीतर संध्याकाळी लाथ अडवायला पाय उचलणार नाहीत. वर्षभर तरी लढत नको. पहिली हौशी गटातच, आणि पाणी तोडून वजन उतरवायचं नाही.

फी भरण्याआधी जिममध्ये एक तास बसून बघ. कोणी खाली पडलं की लगेच थांबवून दोघांना उभं करत असतील, किंवा भिंतीशी लढणं शिकवतच नसतील, तर तिथे नाव घालू नकोस.