मार्क तीनदा, विषय एकदाही नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. यंदा कलाभवनात (आता टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतात, आमच्या घरी अजून कलाभवनच) इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज सुरू होऊन चार महिने झाले नाहीत तोच त्याने एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पुरा केला आणि 92 मार्क मिळवले. सर्टिफिकेटवर आयआयटीचं नाव, शिवाय 'एलिट' आणि 'गोल्ड'! मला काय करू नि काय नको असं झालं. पेढे आणले, घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चिरंजीवांना आयआयटीचं गोल्ड मेडल, 92 मार्क.' पुण्याहून वन्संचा फोन आला. समोरच्या बेननी विचारलं, "आयआयटीमां एडमिशन मळी गयुं?" मी नुसती हसले. मुलगा मात्र म्हणाला, "आई, ते डिलीट कर." मी केलं नाही. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि दोन आठवडे माझ्याशी हो-नाहीपुरतंच बोलतोय. मुलाला 92 मिळाले तर आईने मिरवायचंही नाही का?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मिरवा की! पेढ्यांत काही चुकलं नाही, फोटोतही नाही. बेननी विचारल्यावर तुम्ही नुसत्या हसलात, तिथे चुकलं.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचाच उपक्रम, त्यामुळे सर्टिफिकेटवर ते नाव येणारच. पण 'गोल्ड' म्हणजे पदक नव्हे. ज्याला 90 किंवा जास्त मिळतात त्या प्रत्येकाला तो शेरा मिळतो. आयआयटीतला प्रवेश ही जेईईची वेगळी कथा. तुमच्या मुलाच्या वर्गात त्या परीक्षेत थोडक्यात हुकलेली पोरं असणारच, कदाचित तोही त्यांतलाच असेल. आता एखादा मामेभाऊ त्याला 'काय आयआयटीयन!' म्हणून हाक मारणार, तेव्हा त्याने काय उत्तर द्यायचं?

मी हे भोगलंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला निबंधस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बाबांनी सुरसागरच्या कट्ट्यावर ते 'युनिव्हर्सिटीत पहिली' करून टाकलं. महिनाभर मी मित्रमंडळी टाळत रावपुऱ्यातून मान खाली घालून जात होते. बक्षिसाचा आनंद राहिला बाजूलाच.

आणि खरं सांगितलं असतंत तर ते काही कमी नव्हतं हो! या कोर्समध्ये दर आठवड्याला असाइनमेंट असते. बारांपैकी सगळ्यांत चांगल्या आठ धरतात, त्यांचे 25 मार्क. उरलेले 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. असाइनमेंटचे पैकीच्या पैकी मिळाले असं धरलं, तरी 92 व्हायला परीक्षेत 75 पैकी 67 लागतात. जुलैत सुरू होणारे हे कोर्स ऑक्टोबरपर्यंत चालतात, म्हणजे मध्ये नवरात्र आली. बडोद्यातली नवरात्र! बाहेर गरबा रंगलाय आणि अठरा वर्षांचा पोरगा लॅपटॉपपुढे बसलाय. की नव्हता बसला? आठच धरतात म्हणून त्या आठवड्याची असाइनमेंट सोडून गेला असेल गरब्याला, आणि तसं असेल तर मला तो अधिकच आवडेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात 92 तीनदा आलंय. विषय मात्र कुठेच नाही. बारा आठवडे पोरगा काय शिकला, गणित, कॉम्प्युटर की आणखी काही, ते मलाही कळलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर आज रात्री जेवताना विचारा. ग्रुपचा विषय काढू नका, माफीबिफीही राहू द्या. 'तुझा कोर्स नेमका कशाचा होता रे, मला कळेल असं सांग' एवढंच. पहिल्या दिवशी 'तुला नाही कळणार' असं उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. सांगायला लागला की मध्ये मार्क काढू नका.

मग ग्रुपवर दोन ओळी लिहा : मेडल नाही, कोर्स होता, अमुक विषयाचा, आणि तो चांगला केलाय. टाकण्याआधी त्याला वाचायला द्या. त्याने एखादा शब्द खोडला तर खोडू द्या.

समोरच्या बेनना मात्र उद्याच गाठा. "ना बेन, एडमिशन नहीं, कोर्स कर्यो." आणि पेढे उरले असतील तर तेही न्या.