वाचकांचे प्रश्न : घरी चालतं, ऑफिसात अडतं

प्रश्न : जेनकिन्स या बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरसाठी प्लगिन लिहितोय. घरच्या लॅपटॉपवर बिल्ड होतं, ऑफिसात मात्र ‘पॅरेंट पॉम सापडत नाही’ म्हणून पहिल्याच पायरीला थांबतं. कोड तोच आहे. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या कोडला दोष देऊ नका. पॉम म्हणजे मेव्हन या बिल्ड साधनाची प्रकल्प-फाइल, आणि पॅरेंट पॉम म्हणजे ती ज्या मूळ फाइलवर आधारलेली असते ती. जेनकिन्स प्लगिनचा पॅरेंट पॉम मेव्हन सेंट्रलवर, म्हणजे मेव्हनच्या नेहमीच्या भांडारात, नसतो. तो जेनकिन्सच्या स्वतःच्या सार्वजनिक भांडारात असतो. त्या भांडाराचा पत्ता पॉममध्ये दोनदा लागतो, एकदा ‘रिपॉझिटरीज’खाली आणि एकदा ‘प्लगिन रिपॉझिटरीज’खाली. घरी बिल्ड होतं, म्हणजे तुमच्याकडे तो आहेच.

माझा संशय ऑफिसच्या मेव्हन सेटिंग्ज फाइलवर आहे. तिथे ‘मिररऑफ’मध्ये नुसतं तारांकन असेल, तर मेव्हन प्रत्येक मागणी कंपनीच्या मिररकडेच, म्हणजे बाहेरच्या भांडारांच्या जागी ठेवलेल्या सर्व्हरकडेच, वळवतं. त्या मिररमागे जेनकिन्सचं भांडार जोडलेलं नसेल, तर पॉम मिळणार कुठून? तारांकनापुढे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि त्या भांडाराचा आयडी लिहा. आयडी पॉममधल्यासारखाच हवा, अक्षराचाही फरक चालत नाही. बाहेरचा रस्ता फायरवॉलने बंद असेल, तर ॲडमिनना ते भांडार मिररमागे जोडायला सांगा. मला हाच मार्ग अधिक पटतो, कारण पुढच्या सहकाऱ्याचाही त्रास वाचतो.

आणि हो, फसलेला शोध मेव्हन लक्षात ठेवतं. दुरुस्तीनंतर ‘-यू’ (कॅपिटल) देऊन बिल्ड चालवा.

जुन्या बिल्डमध्ये जेसेंटर या जुन्या सार्वजनिक भांडाराचा पत्ता दिसला तर काढून टाका. ते भांडार बंद करण्याची घोषणा २०२१ मध्येच झाली आहे.