पंपाचे बोल्ट जाम झालेत, कोणतं तेल मारू?

प्रश्न: आमचं घर मालवणला, खाऱ्या हवेने पाण्याच्या पंपाचे नट-बोल्ट पार गंजलेत, ग्रीस लावलं, डब्लूडी-४० मारलं, हलायला तयार नाहीत. काय करू?

उत्तर: अहो ग्रीस घट्ट असतं, ते आट्यात शिरणारच नाही. डब्लूडी-४० मुळात पाणी हटवायला १९५३ मध्ये बनलेलं, हलक्या गंजाला ठीक, पण तुमच्या केसला पेनिट्रेटिंग ऑइलच (बारीक फटीत झिरपणारं पातळ तेल) आणा, नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घ्या, दोन्ही एकमेकांपासून सुटतात म्हणून दरवेळी हलवायचं आणि ॲसिटोन पटकन पेटतं, जवळ विडी-काडी अजिबात नको. वायर ब्रशने घासा, तेल सोडा, हातोडीने नटवर टकटक करा म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरतं, रात्रभर राहू द्या, सकाळी परत तेल. मग रिंग पान्याने आधी किंचित आवळायचं, नंतर सैल करायचं. बसवताना अँटी-सीझ (बोल्ट परत जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावाच.